प्राचीन ग्रीसचं नगरराज्य आणि नागरिकाचं आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात ग्रीक नगरराज्यांना एखाद-दुसरं पान मिळतं: अथेन्स म्हणजे लोकशाही, स्पार्टा म्हणजे तलवार, पुढचा धडा. त्या पानावर न मावलेले प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं जास्त करून अथेन्सची आहेत, कारण लेखी पुरावा सर्वाधिक तिथलाच उरला आहे.

नगरराज्य म्हणजे शहर की राज्य?

दोन्ही. एक मुख्य नगर, त्याची तटबंदी, बाजारचौक, देवळं, भोवतालची शेतं आणि खेडी, नशीब असेल तर एखादं बंदर. एवढा मुलूख मिळून एक स्वतंत्र राज्य व्हायचं. कायदे स्वतःचे, सैन्य स्वतःचं, सणवार आणि महिन्यांची नावंसुद्धा स्वतःची. पण ग्रीकांच्या लेखी नगरराज्य म्हणजे सर्वांत आधी तिथले नागरिक.

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सम्राट झर्क्सिसची फौज चालून आली तेव्हा अथेन्सच्या लोकांनी अख्खं शहर रिकामं केलं. बायकामुलं समुद्रापलीकडे पाठवली, पुरुष जहाजांवर चढले आणि मागे पर्शियनांनी ॲक्रोपोलिस ही देवळांची टेकडी जाळली. सलामिस बेटाजवळच्या युद्धबैठकीत कोरिंथ या दुसऱ्या नगरराज्याचा सेनापती अथेन्सच्या थेमिस्टोक्लिसला म्हणाला, ज्याला शहरच उरलं नाही त्याने इथे बोलू नये. थेमिस्टोक्लिसने उत्तर दिलं, माणसांनी भरलेली २०० जहाजं आमच्यापाशी आहेत तोवर आमचं शहरही आहे आणि मुलूखही, आणि तो तुमच्यापेक्षा मोठा आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवलेला हा प्रसंग नगरराज्याच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त सांगून जातो.

आणखी एक पुरावा क्रीट बेटावरच्या ड्रेरोस गावचा. साधारण इ.स.पू. ६५० मधला, दगडावर कोरलेला हा कायदा ग्रीसमधल्या सर्वांत जुन्या उपलब्ध कायद्यांपैकी एक आहे. त्याची सुरुवातच ‘नगराने असं ठरवलं’ अशी होते. काय ठरवलं? एकदा प्रमुख पद भूषवलेल्या माणसाने पुढची दहा वर्षं ते पद पुन्हा घ्यायचं नाही. घेतलंच, तर त्याने निकालांत ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड त्याच्याकडूनच वसूल करायचा. म्हणजे हाती आलेला इतका जुना कायदा सत्ता एकाच्या घरात मुरू नये म्हणून केलेला आहे. सत्ता पाळीपाळीने फिरली पाहिजे, हा धागा पुढच्या बहुतेक उत्तरांत दिसेल.

ग्रीस हा एक देश नव्हता का?

नव्हता. भाषा एक, देव तेच, ऑलिम्पियाचे खेळ सगळ्यांचे. राज्यं मात्र हजाराच्या वर. स्पेनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत ती पसरली होती. सिसिलीतलं सिराक्यूज कोरिंथच्या लोकांनी वसवलं, आजचं फ्रान्समधलं मार्से इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोकाइआ या ग्रीक नगरराज्याच्या दर्यावर्दींनी. नव्या वसाहतीत मातृनगरीच्या पवित्र अग्निकुंडातला विस्तव नेत, पण वसाहत राजकीयदृष्ट्या स्वतंत्र असे. बहुतेक नगरराज्यांत नागरिक काही शेकडा किंवा काही हजार, एवढेच. अथेन्सचा ॲटिका हा मुलूख सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा होता, आणि तो त्या मानाने फार मोठा मानला जाई.

नागरिक कोण ठरायचं?

इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सचा नेता पेरिक्लीसने मांडलेल्या कायद्यानंतर अथेन्समध्ये आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मुलाला नागरिकत्व मिळे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या गावच्या सभेत त्याचं नाव पुढे यायचं. गावकरी शपथेवर मत देत: वय पुरं आहे का, जन्म कायदेशीर आहे का. गावाने नकार दिला आणि मुलाने न्यायालयात दाद मागून खटला हरला, तर राज्य त्याला गुलाम म्हणून विकू शकत असे. इतकं ते नाव मोलाचं होतं.

हे ‘गाव’ महत्त्वाचं आहे. इ.स.पू. ५०८ मध्ये क्लेइस्थेनिसने ॲटिकाची विभागणी १३९ गाव-वस्त्यांत केली, आणि त्यांची मोट बांधून दहा नव्या जमाती उभ्या केल्या. प्रत्येक जमातीत एक भाग शहरातला, एक किनाऱ्यावरचा, एक आतल्या डोंगराळ भागातला. त्याआधी जुनी खानदानी घराणी आपापल्या पट्ट्यातल्या कुळांच्या जोरावर राजकारण करत. आता शहरातला चांभार, किनाऱ्यावरचा कोळी आणि डोंगरातला कोळसेवाला एकाच जमातीत आले, एकाच तुकडीत लढू लागले. घराण्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी नकाशावर केलेली इतकी विचारपूर्वक कारागिरी जुन्या जगात क्वचितच सापडते.

नागरिक झाल्यावर करायचं काय?

बरंच काही. आधी सैन्य: ऐपतीप्रमाणे घोडा, ढाल-भाला किंवा वल्हं. मग सभा. प्निक्स टेकडीवर सर्व नागरिकांची सभा भरे, इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला ४० वेळा. पहाटे लोक जमत, डुकराच्या पिल्लाचा बळी देऊन जागा शुद्ध केली जाई आणि दवंडीवाला विचारी, ‘कोणाला बोलायचं आहे?’ हात वर करून मतदान होई. काही ठरावांना ६,००० जणांची हजेरी लागे. लोक बाजारात गप्पा मारत रेंगाळले तर ओल्या लाल रंगात बुडवलेला दोर ताणून त्यांना सभेकडे हाकत. ज्याच्या कपड्याला रंग लागला त्याची फजिती. इ.स.पू. ४०० नंतर हजेरीचा भत्ताही सुरू झाला, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला दिवस बुडवून येणं परवडावं.

सभेपुढचे विषय ५०० जणांचं मंडळ तयार करी. प्रत्येक जमातीचे ५०, वय तिशीच्या पुढे, चिठ्ठीने निवडलेले, आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. वर्षाचे दहा भाग पाडून एकेका जमातीचे ५० जण आळीपाळीने कारभार पाहत. बाजारचौकातल्या एका गोल इमारतीत ते सरकारी खर्चाने जेवत आणि त्यांतले काही रात्री तिथेच झोपत, कारण राज्याला रात्रीही कोणीतरी जागं लागतं. त्यांच्यातून रोज एक अध्यक्ष निघे. एक रात्र आणि एक दिवस राज्याची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला त्याची पाळी संपली की पुन्हा कधीच नाही. विचार करा, वर्षाला साडेतीनशेहून जास्त साधी माणसं राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर एकेक दिवस बसून घरी गेली. अथेन्सविषयी वाचताना मला सर्वांत जास्त थक्क करते ती ही गोष्ट.

पदाधिकारी खरंच चिठ्ठ्या टाकून निवडायचे?

हो, बहुतेक सगळे. निवडणुकीत पैसा, घराणं आणि वक्तृत्व जिंकतं, म्हणून निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची पद्धत आणि चिठ्ठी ही लोकशाहीची, असं ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे.

न्यायालयासाठी तर त्यांनी यंत्र बनवलं होतं. पुरुषभर उंच दगडी फळी, तिच्यावर ओळीने बारीक खाचा. प्रत्येक पंचाकडे एक पट्टी, आधी पितळेसारख्या धातूची, पुढे लाकडाची. तिच्यावर त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि एक अक्षर. सकाळी या पट्ट्या खाचांत खोचत. फळीच्या कडेला उभी नळी, तिच्यात वरून काळ्या-पांढऱ्या गोट्या मिसळून टाकायच्या आणि खालून एकेक सोडायची. पांढरी आली तर ती अख्खी आडवी ओळ आज पंच म्हणून बसणार, काळी आली तर ती ओळ घरी. कोण बसणार हे सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्याने आदल्या रात्री लाच द्यायची तरी कोणाला? त्या धातूच्या पट्ट्या पुष्कळशा थडग्यांमध्ये सापडल्या आहेत. माणूस गेला की ती त्याच्यासोबत पुरत.

मग कारभार अडाण्यांच्या हाती जात नव्हता का?

हा आक्षेप सॉक्रेटिसच्या काळापासून आहे. अथेन्सने त्यावर तीन तऱ्हेने तोड काढली होती. जिथे चुकीला माफी नाही ती पदं निवडणुकीने भरत; दहा सेनापती असेच निवडले जात, आणि त्या पदावर पुन्हा पुन्हा येता येई. पेरिक्लीस लागोपाठ पंधरा वर्षं सेनापती म्हणून निवडून आला. बाकीची पदं बहुधा दहा-दहा जणांच्या गटाला दिलेली असत, म्हणजे एकटा माणूस फार बिघडवू शकत नसे. आणि पद घेण्याआधी चौकशी, सोडताना हिशेब. आई-वडिलांना नीट सांभाळतोस का, हा प्रश्न त्या चौकशीत विचारला जाई. हिशेब मंजूर होईपर्यंत माणसाला परदेशी जाता येत नसे की मालमत्ता देवाला वाहता येत नसे.

कामंही बघा कशी होती. दहा नगर-निरीक्षक, पाच शहरात आणि पाच पिराएउस बंदरात. घरांनी रस्त्यावर अतिक्रमण करू नये, सज्जे रस्त्यावर लोंबू नयेत, मैला वाहणाऱ्यांनी तटापासून दहा स्टेड, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरच्या आत घाण टाकू नये, हे त्यांनी पाहायचं. वेगळे अधिकारी मापं तपासत, वेगळे धान्याचे भाव. अशी कामं सुज्ञ नागरिकाला करता येतात, यावर त्यांचा विश्वास होता. मला तो विश्वास योग्य वाटतो, कारण वर्षभर मापं तपासलेला माणूस पुढे सभेत धान्याच्या ठरावावर हात वर करताना माहितीवर करत होता.

न्यायालयात वकील आणि न्यायाधीश नसायचे?

नसायचे. दरवर्षी ६,००० नागरिक शपथ घेऊन पंच होत. खटल्यानुसार २०१, ५०१ किंवा जास्त पंच बसत. ज्याचा खटला त्याने स्वतः बोलायचं. लायसियाससारख्यांकडून भाषण लिहून घेता येई, पण पाठ करून म्हणायचं आपणच. मातीच्या भांड्यातून पाणी गळत असे आणि ते संपलं की बोलणं बंद. मत देण्यासाठी धातूच्या दोन चकत्या: एकीचा मधला दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. दांड्याची टोकं बोटांनी झाकली की कोणतं मत टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नसे. निकाल त्याच दिवशी. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड याच पद्धतीने झाला.

खापरावर नाव लिहून हद्दपार करायचे म्हणजे काय?

वर्षातून एकदा सभेला विचारत, यंदा खापरमतदान घ्यायचं का? होकार आला तर ठरल्या दिवशी प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून आणायचं. किमान ६,००० खापरं जमली तर सर्वाधिक नावं ज्याची, त्याने दहा वर्षं मुलूख सोडायचा. गुन्हा नाही, खटला नाही. मालमत्ता त्याचीच राहायची आणि परतल्यावर सगळे हक्क परत. पहिल्यांदा हे इ.स.पू. ४८७ मध्ये वापरलं. पुढे ॲरिस्टायडीस गेला, थेमिस्टोक्लिसही गेला.

गैरप्रकारही होत. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसचं नाव असलेली १९० खापरं एकगठ्ठा सापडली, आणि त्यांवरचं अक्षर मोजक्याच हातांचं. म्हणजे कोणीतरी ती आधीच लिहून वाटायला ठेवली होती.

एवढी सगळी माणसं मिळून ठरवत, मग चुका होत नसत?

होत, आणि त्या चुकांत माणसं मरत. इ.स.पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी नगराचं अथेन्सविरुद्धचं बंड मोडल्यावर सभेने रागाच्या भरात ठरवलं: तिथले सगळे प्रौढ पुरुष मारा, बायका-मुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज सुटलं. रात्र सरली तसा लोकांचा राग ओसरला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, ठराव बदलू नका. डायोडोटस म्हणाला, सूड घेण्यात आपलं हित नाही. हात जवळपास बरोबरीने वर गेले, पण डायोडोटस जिंकला. दुसरं जहाज निघालं तेव्हा पहिल्याला सुमारे एक दिवस आणि एक रात्र इतकी आघाडी मिळाली होती. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच तेल आणि दारूत मळलेलं जवाचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोप घेतली. पहिल्या जहाजाचा हुकूम तिथला सेनापती वाचून मोकळा झाला होता आणि अंमल सुरू होणार, तेवढ्यात दुसरं जहाज पोचलं. तरीही इतिहासकार थुसिडिडीसच्या नोंदीनुसार बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसं मारली गेलीच.

इ.स.पू. ४०६ मध्ये तेवढीही संधी राहिली नाही. आर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकलेल्या सेनापतींवर, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून एकत्रच खटला चालवायचा ठराव आला. तो बेकायदा होता. प्रत्येकाचा निवाडा वेगळा व्हायला हवा होता. त्या दिवशी अध्यक्षमंडळात सॉक्रेटिस होता आणि त्याने ठराव मताला टाकायला विरोध केला. तो एकटा पडला. सहा सेनापतींना मृत्युदंड झाला, आणि थोड्याच दिवसांत सभेला पश्चात्ताप झाला.

या अनुभवांतून अथेन्स शिकलं, हेही सांगायला हवं. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर कोणीही खटला भरू शकत असे, आणि इ.स.पू. ४०३ नंतर कायदा हा सभेच्या ठरावापेक्षा वरचढ मानला गेला. त्याच वर्षी तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट उलथल्यावर लोकशाहीवाद्यांनी जुन्या गुन्ह्यांचा हिशेब न काढण्याची सार्वजनिक शपथ घेतली आणि बहुतांशी पाळली.

पैसा कुठून यायचा?

लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी, बंदरावरची जकात, अथेन्सचं साम्राज्य होतं तेव्हा अंकित नगरांची खंडणी. श्रीमंतांवर थेट कामं टाकली जात: युद्धनौका वर्षभर चालवा किंवा नाटकाच्या वृंदाचा खर्च करा. इ.स.पू. ४७२ मध्ये नाटककार एस्किलसच्या नाटकांचा खर्च तरुण पेरिक्लीसने उचलला होता. ‘माझ्यापेक्षा अमका श्रीमंत आहे’ असं वाटलं तर त्याला आव्हान देता येई: काम तू घे, नाहीतर आपण मालमत्तेची अदलाबदल करू. खर्चाच्या बाजूला युद्धात मेलेल्यांच्या मुलांचं पालनपोषण होतं, आणि अपंग गरिबांना रोजचा भत्ता.

स्त्रियांचं स्थान काय होतं?

राजकारणात शून्य. मत नाही, पद नाही, न्यायालयात स्वतः बोलता येत नाही. बाप, नवरा किंवा मुलगा तिचा पालक. नागरिकत्व मात्र तिच्यामुळेच पुढे जायचं, हा पेरिक्लीसच्या कायद्यातला विरोधाभास. धर्माच्या क्षेत्रात तिची जागा खरी होती. अथेनादेवीची मुख्य पुजारीण हे राज्यातल्या सर्वांत मानाच्या स्थानांपैकी एक. लिसिमाखी नावाच्या पुजारिणीने ते ६४ वर्षं सांभाळलं. थेस्मोफोरिया हा सण तर फक्त बायकांचा, आणि तो नगराच्या पिकापाण्यासाठी आवश्यक मानत.

गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या व्यवस्थेला लोकशाही कसं म्हणायचं?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इ.स.पू. चौथ्या शतकात मताधिकार असलेले प्रौढ पुरुष साधारण ३०,००० धरले जातात. एकूण लोकसंख्या त्याच्या कितीतरी पट. बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक पिढ्यान्‌पिढ्या परकेच राहत. पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा (चांदीची नाणी) डोईपट्टी, वर सैन्यसेवा, पण मत नाही. ॲरिस्टॉटल असाच परका होता आणि लायसियासही. खालच्या थराला गुलाम. लॉरिऑनच्या अरुंद बोगद्यांत सरपटत चांदी खोदणारे तेच, आणि सभेत शिस्त राखणारे सिथियन तिरंदाजही राज्याच्या मालकीचे गुलाम. युद्धाच्या धामधुमीत इ.स.पू. ४१३ नंतर २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले, असं थुसिडिडीस लिहितो. संधी मिळताच इतके लोक पळाले, यातच त्यांचं मत आलं.

माझं मत असं: नागरिकांच्या वर्तुळात अथेन्सने गरीब-श्रीमंतांना दिलेली समानता खरी होती, वल्हेकऱ्याचा हात आणि जमीनदाराचा हात सारखाच मोजला जायचा. आणि त्या वर्तुळाबाहेरचा अन्यायही तितकाच खरा होता. अध्यक्षपदावर एक दिवस बसलेल्या कुंभाराचं कौतुक करताना खाणीतला माणूस विसरणं अप्रामाणिक ठरेल.

स्पार्टातही नागरिक असेच राज्य करायचे?

वेगळ्या तऱ्हेने. दोन राजे, साठीपुढच्या २८ जणांचं आणि राजांचं मिळून ज्येष्ठमंडळ, दरवर्षी निवडलेले पाच एफर, म्हणजे कारभारी अधिकारी. ज्येष्ठांची निवड लोकांच्या आरोळीवर: ज्याच्या नावाला आवाज मोठा तो निवडून. मुलगा सात वर्षांचा झाला की घराबाहेर, सामुदायिक शिक्षणात. मोठेपणी रोजचं जेवण सहभोजनाच्या पंगतीत, आणि तिथला शिधा भरता आला नाही तर नागरिकत्व जायचं. शेती हेलट या बंदिवान शेतमजुरांकडे, ज्यांच्यावर एफर दरवर्षी रीतसर युद्ध पुकारत. शिधा भरू न शकणाऱ्यांना असं बाहेर काढता काढता नागरिकच आटले: इ.स.पू. ४८० मध्ये हिरोडोटस ८,००० म्हणतो, ॲरिस्टॉटलच्या काळात हजारही उरले नव्हते.

भारतातल्या गणराज्यांशी याची तुलना होते का?

काही अंशी. वैशालीचे लिच्छवी आणि त्यांचा वज्जी संघ साधारण त्याच काळातले. वज्जी वरचेवर सभा भरवतात आणि एकोप्याने निर्णय घेतात तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही, असं बुद्धाचं वचन पाली ग्रंथांत आहे. भिक्खू संघात शलाका वाटून मत घेण्याची पद्धतही होती. मात्र गणांमध्ये सत्ता क्षत्रिय कुळांकडे होती, आणि चिठ्ठीने कोणालाही पद मिळण्याची अथेन्ससारखी सोय तिथे दिसत नाही.

हे सगळं संपलं कधी?

इ.स.पू. ३३८ मध्ये खायरोनियाला मॅसेडोनियाच्या फिलिपने ग्रीकांना हरवलं. ३२२ मध्ये मॅसेडोनियाचा सेनापती अँटिपाटरने अथेन्समध्ये २,००० द्राख्मांची मालमत्ता असलेल्यांनाच मत ठेवलं. स्वतंत्र परराष्ट्रधोरण गेलं, तरी नगरं, त्यांच्या सभा आणि ठराव पुढे रोमन काळातही चालू राहिले.

अथेन्सला गेलो तर यातलं काय बघता येईल?

बाजारचौकातला ॲटलॉसचा स्टोआ (खांबांची लांब इमारत) १९५० च्या दशकात पुन्हा उभारला आहे. त्यातल्या संग्रहालयात खापरं, मतांच्या चकत्या, पाणघड्याळ आणि चिठ्ठी-यंत्राचा संगमरवरी तुकडा ठेवला आहे. तिथून थोडं चालत गेलात की प्निक्स: कातळात कोरलेलं भाषणाचं व्यासपीठ अजून जागेवर आहे. वेळ असेल तर क्रीटवरच्या गॉर्टिनलाही जा. साधारण इ.स.पू. ४५० मध्ये भिंतीवर बारा रकान्यांत कोरलेला तिथला कायदा आजही वाचता येतो. वारसाहक्क, घटस्फोट, दत्तक, मुलींचा वाटा, सगळं त्यात आहे. एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून, अशी ती लिहिली आहे. वाचताना नजर त्याप्रमाणे फिरवा.